लाल फडक्यावर ठेवलेला हात

वाचकहो, ज्या देवाला तुम्ही आता मानत नाही, त्याच्यासमोर तुमच्या बापाने दिलेला शब्द तुम्ही पाळाल का?

उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला आहे. देवळात जाणाऱ्यांना विचारला, रविवारी उपासनेला माझ्या शेजारी बसणाऱ्यांना विचारला, मास्तरांना आणि वकिलांनाही विचारला. बहुतेकांनी आधी हसून घेतले आणि मग "ते प्रसंगावर आहे" असे सांगितले. प्रसंग पाहून बदलतो त्याला शब्द का म्हणायचे, हे मात्र एकानेही सांगितले नाही. मला उत्तर मिळाले ते एका भाजीच्या मळ्यात, विहिरीच्या काठी. त्या प्रकरणाचा कागद न कागद सरकारी दप्तरात केव्हाच वाळवीने खाल्ला असेल. माझ्या मनातला एकही कोपरा खाल्लेला नाही.

मी तेव्हा वाशीमच्या बाजूला एका लहान ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही, कारण त्यांची मुलेबाळे आज त्याच गावात नांदत आहेत. पुढे घोड्याच्या लाथेने माझा गुडघा गेला आणि केस काळे असतानाच सरकारने मला पेन्शनीवर काढले. म्हणून म्हाताऱ्या पेन्शनरांसारखे सबुरीने लिहिणे मला जमत नाही. ज्याला ते हवे असेल त्याने दुसरे काही वाचावे.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती आणि रिसोडच्या बाजाराचा बंदोबस्त मी शिपायांना वाटून देत होतो. इतक्यात पोलीस पाटलाचा कोतवाल धापा टाकत आला. गावालगतच्या मळ्यात मोटेचा नाडा तुटला होता आणि मोट हाकणारा तरुण धावेवरून खाली फेकला जाऊन दगडावर आपटला होता. त्याच्या कमरेचे हाड मोडले होते. "अन् सायेब," कोतवाल म्हणाला, "नाडा तुटला नाई. कोनं तरी कापला."

मी पंच घेऊन गेलो. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतून पाण्याने भरलेली कातड्याची मोट जाड दोरीने बैल ओढतात. त्या दोरीला नाडा म्हणतात, आणि बैल ज्या उतारावरून जातात ती धाव. उतरताना हाकणारा नाड्यावरच बसतो, म्हणजे त्याच्या वजनाचाही बैलांना आधार होतो. हा तरुण तसाच बसला होता. नाडा मी हातात घेऊन पाहिला. अर्ध्याहून अधिक पीळ विळ्याने सरळ कापलेला होता, त्यावर चिखल थापून जागा झाकली होती, आणि उरलेला पीळ तेवढा ओढीने तुटून विंचरल्यासारखा झाला होता. पंचनामा करून नाडा मुद्देमाल म्हणून जप्त केला.

आता विहिरीची हकीकत. ती दोन घरांची विहीर होती. जखमी तरुणाचा बाप, ज्याला सगळे बुढा म्हणत, त्याचे एक घर. आणि शेजारच्या मळ्यातल्या दोन भावांचे दुसरे. विहीर खणली ती बुढ्याने आणि त्या भावांच्या बापाने. जमीन भावांच्या बापाची, घाम दोघांचा. पाणी लागले त्या दिवशी दोघांनी खंडोबापुढे बेलभंडारा उचलला. हातात बेलाची पाने आणि हळद घेऊन बोललेला शब्द म्हणजे आमच्या वऱ्हाडात शेवटचा शब्द. त्यांनी बोल केला होता तो असा: पाण्याची पाळी दिवसाआड, कायमची; आणि एका घरचा माणूस अंथरुणाला खिळला तर त्याची पाळी दुसऱ्या घराने हाकून द्यायची. कागद केला नव्हता.

पुढे भावांचा बाप दोन्ही मुलांसह ख्रिस्ती झाला. गावाने थोडे दिवस तोंड फिरवले. पण पाण्याची पाळी म्हाताऱ्याने मरेपर्यंत एकदाही चुकवली नाही, हे बुढ्यानेच मला सांगितले. म्हातारा गेला आणि मग कडक उन्हाळा आला. धाकटा भाऊ चारचौघांत म्हणू लागला, विहीर आमच्या जमिनीत आहे, पाणी सगळे आमचे.

अशा प्रकरणात बोट कोणाकडे जाईल हे सांगायला पोलीस लागत नाही. पण पहिली खबर आली ती भलतीकडचीच. बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने आमच्या शिपायाला सांगितले की, बुढ्याच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, बैल उपाशी ठेवला म्हणून बुढ्याने त्याला मारले होते, "पाहून घेईन" असे तो बोलला होता, आणि आदल्या संध्याकाळी तो विहिरीजवळ विळा घेऊन दिसला होता. शिपायाने त्याला धरून आणले. काळा, हडकुळा माणूस, अंगात फाटकी बंडी.

"विळा कशाला होता तुझ्या हातात?" मी विचारले.

"सायेब, मी सालदार मानूस. माह्या हाती विळा नाई तं काय पोथी राहीन?"

शिपाई हसले. मलाही हसू आले. पण संशय होता, म्हणून त्याला कोठडीत ठेवला.

मग दोघा भावांना बोलावले. धाकट्याने छाती काढून सांगितले, आपण त्या संध्याकाळी घरीच होतो. थोरला दारातच उभा राहिला. तो आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढलो. बाजारात फुकट वाटल्या जाणाऱ्या धर्माच्या आणि सुधारणेच्या पत्रकांवर मी अक्षरे गिरवली. त्यामुळे गावात आधीच कुजबुज होती की ठाणेदार आपल्या माणसाला वाचवणार.

"नाडा तू कापलास?"

"नाई सायेब."

"कोणी कापला, ठाऊक आहे?"

त्याने मान खाली घातली. मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "सायेब, मले शपथ देऊ नका. बिनशपथेचा मी गप्प राहू शकतो. शपथ घेतली का मंग सांगा लागन."

तो गेल्यावर आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, मान खाली घालणारा हा चोर नाही. चोराचा भाऊ आहे." तीस वर्षे माणसे पाहिलेला माणूस तो. माझेही मत तेच होते. पण मतावर चालान, म्हणजे आरोपपत्र, होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जखमी तरुणाचा जबाब घ्यायला वाशीमच्या दवाखान्यात गेलो. मागे काय झाले ते मला परतल्यावर कळले. सालदाराची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून छाती पिटत होती. थोरला भाजीची पाटी घेऊन बाजाराकडे निघाला होता. त्याने पाटी खाली ठेवली, तिच्यापाशी उभा राहून थोडा वेळ ऐकले आणि सरळ ठाण्यात आला. हवालदारांना म्हणाला, "द्या शपथ."

हवालदारांच्या खणात या कामाचा सगळा सरंजाम असे: भंडाऱ्याची पुडी, तुळशीची माळ, गंगेच्या पाण्याची कुपी. कोणाला काय लागते ते त्यांना तोंडपाठ. वास्तविक पोलिसासमोरच्या जबाबाला शपथ नसते, कायदाच तसा आहे. पण हवालदारांचा कायदा निराळा होता. ख्रिस्ती माणसाला काय लागते हेही त्यांना ठाऊक होते, फक्त ते खणात नव्हते. माझे पुस्तक माझ्या घरी होते, ठाण्याच्या अंगणापलीकडे. ते मिळवायला मी परतेपर्यंत थांबावे लागले असते, आणि मी आलो असतो तर शपथच घेऊ दिली नसती. म्हणून त्यांनी काय करावे? कपाटातले कवायतीचे पुस्तक काढले, 'दाहिने मूड' आणि 'बाएँ मूड' शिकवणारे, ते लाल फडक्यात गुंडाळले आणि पुढे केले.

थोरल्याने फडक्यावर हात ठेवला. म्हणाला, "देवा, तू ऐकून राह्यला. जे पाह्यलं ते सांगीन, अन् जिथं इचारतीन तिथं सांगीन." मग त्याने सांगितले. आदल्या संध्याकाळी धाकटा नाडा ठेवायच्या खोपीतून विळा घेऊन बाहेर आला होता. हात चिखलाने भरले होते. थोरल्याने विचारले तेव्हा हसून म्हणाला होता, "उद्या बुढ्याची पाळी बुडते, पाह्यजो." थोरल्याला ती नेहमीची बढाई वाटली. सकाळी नाडा तुटला.

मी परत आलो तेव्हा सालदार सुटला होता आणि धाकटा कोठडीत होता. त्याने आता काही लपवले नाही. पण पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात कवडीच्या मोलाचा, हे तोही जाणून होता, म्हणून मोकळेपणाने बोलला.

"मोट इहिरीत पडावी एवढंच होतं मनात, सायेब. तो पोट्टा नाड्यावर बसते हे ध्यानातच नाई आलं."

"पण बापाने शब्द दिला होता ना?"

"कोनाले? खंडोबाले! आमी आता खंडोबाचे राह्यलो का? तुमीच सांगा, तुमी बी किरिस्ताव. बाप्तिस्मा झाला तवा जुनं सगळं धुतलं गेलं म्हनतेत. मंग हळद तेवढी अंगाले चिकटून राह्यली का?"

वाचकहो, तो एकटा असे बोलत असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतले दोन वडीलधारे माझ्याकडे आले. मंडळीची अब्रू जाते, प्रकरण मिटवा, असे म्हणाले. मी त्यांना धाकट्याचे बोलणे सांगितले. त्यांतला एक म्हणाला, "तसं पाहिलं तर तो चुकीचं बोलत नाही. मूर्तीपुढची शपथ ही शपथच नव्हे." माझ्या अंगाची आग झाली. मी विचारले, बाप्तिस्म्याआधी केलेले लग्न मोडते का? बाप्तिस्म्याआधी जन्मलेली मुले परकी होतात का? मग शेजाऱ्याला दिलेला शब्दच तेवढा कसा धुतला जातो? ज्याने बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर घेतले आणि शेजाऱ्याचा विश्वास गाळात टाकला, त्याला मी पापातून सुटलेला म्हणणार नाही. तो फक्त आपल्या जबाबदारीतून पळालेला आहे. ते उठून गेले. पुढे पुष्कळ दिवस उपासनेत माझ्या बाकावर कोणी बसत नव्हते.

चालान कोर्टात गेले. तारीख लागली. सगळा भार थोरल्याच्या साक्षीवर होता. ती नसती तर धाकटा सुटला असता आणि बोट पुन्हा सालदाराकडे गेले असते. तेवढ्यात ठाण्याच्या मुन्शीने पानाच्या ठेल्यावर कवायतीच्या पुस्तकाचा किस्सा सांगितला. गाव पोट धरधरून हसले. धाकट्याच्या वकिलाच्या कानावर ते गेले आणि त्याने थोरल्याला निरोप धाडला: तुझी शपथ खोटी होती, तू बांधलेला नाहीस, कारंज्याला रुईच्या, म्हणजे कापसाच्या, कामाला निघून जा, समन्स तुला सापडायला नको.

मी हवालदारांना बोलावून विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, "साहेब, गुन्हा उघडला ना?" मी त्यांच्याविरुद्ध रिपोर्ट लिहिला आणि थोरल्याच्या मळ्यात गेलो. फसवणुकीवर उभी केलेली साक्ष मला नको होती. हे त्याला माझ्याच तोंडून कळायला हवे होते.

थोरला मोट हाकत होता. पण पाळी त्याची नव्हती, आणि बैलही त्याचे नव्हते. पाणी बुढ्याच्या वांग्यांना चालले होते. बुढ्याचा मुलगा अंथरुणावर होता, म्हणून त्याची पाळी हा हाकत होता. बुढा निंबाखाली बसला होता. पलीकडे धाकट्याची बायको मेथी खुडत होती. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सरळ बोलत नाही. पण बैलाशी बोलायला बंदी नाही.

"काहून रे बैला," ती मोठ्याने म्हणाली, "जोडीदार खाटकाच्या दावनीले बांधला, अन् तुले चारा गोड लागते?"

थोरल्यानेही बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बैलालाच सांगितले, "नाई लागत रे. पोटात नाई उतरत."

"मंग कायले जातं साक्षीले? त्या सालदाराचं काय सोयरं हाये?"

"सोयरा नाई. पन त्याच्या बायकोचं रडनं ऐकलं नं म्या."

ती पदराने डोळे पुसून पुन्हा मेथी खुडू लागली. मी थोरल्याला सगळे स्पष्ट सांगितले. फडक्यात काय होते ते सांगितले. ठाण्यातल्या शपथेला कायद्यात किंमत नाही हेही सांगितले. समन्स मी बजावणार होतोच. पण ज्या हाताने तो स्वतःला बांधलेला समजत होता, तो हात कशावर ठेवला होता हे त्याला कळणे हा त्याचा हक्क होता.

"ठाव हाये मले," तो म्हणाला. "बाजारातले पोट्टे 'दाहिने मूड' म्हनून चिडवतेत."

"मग?"

"सायेब, म्या पुस्तकाले थोडंच सांगितलं होतं? 'देवा, तू ऐकून राह्यला' असं म्हनलो. तो ऐकतच होता. हवालदारानं मले फसवलं, त्याले तं नाई फसवलं. आपले उपदेशक पायकबुवा बायबलातलं सांगत, जुन्या काळी देवाच्या लोकांकडून परक्यांनी फसवून करार करून घेतला, तरी त्यायनं तो पाळला. फसवनाऱ्याचं पाप फसवनाऱ्यापाशी. शब्द माह्यापाशी."

आता बुढा उठून आला. ज्याचा मुलगा लोळागोळा होऊन पडला होता तो बुढा. म्हणाला, "जाय लेका कारंज्याले. तुह्या भावाले आत टाकून माह्या पोट्ट्याचं हाड जुळते का? म्या माफ केलं. सोडलं तुले."

थोरल्याचे डोळे भरून आले. त्याने बुढ्याच्या पायाला हात लावला. "बुवा, शब्द तुमाले देल्ला असता तं तुमी सोडवला असता. तुमाले देल्ला तो पान्याचा. तो हाकून राह्यलो. हा दुसऱ्याले देल्ला हाये. अन् तो मले सोडत नाई. रोज इचारतो म्या."

मी पोलीस खात्यात होतो. खोटे बोलणारी माणसे मी शेकड्यांनी पाहिली, आणि भीतीने खरे बोलणारीही. ज्याला खोटे बोलायला पोलीस, वकील, गाव, घर आणि खुद्द फिर्यादीचा बाप अशा सगळ्यांनी वाट करून दिली, आणि तरी जो त्या वाटेने गेला नाही, असा माणूस मी तोच एक पाहिला.

तारखेला तो पायी वाशीमला आला. कोर्टाने त्याला खऱ्या पुस्तकावर शपथ दिली. त्याने ठाण्यात सांगितले होते तेच, एक शब्द न वाढवता, सांगितले. फक्त शेवटी जोडले, "त्याले मानूस पाडाचा नव्हता. मोट पाडाची होती. हे बी खरं हाये, लिहून घ्या."

वकील हुशार होता. त्याने विचारले, "तुम्ही खंडोबाला मानता?"

"नाई."

"मग खंडोबापुढे तुमच्या बापाने घेतलेली शपथ तुम्हाला लागू आहे?"

"हाव."

"ती कशी?"

थोरला म्हणाला, "माह्या बापाले जेवढा देव कळला होता, तेवढ्यापुढं त्यानं शब्द देल्ला. मले देव अधिक कळला म्हनतो मी. मंग शब्द कमी कसा होईन?"

वकील खाली बसला. मॅजिस्ट्रेटने चष्मा काढून पुसला. त्याने धाकट्याला शिक्षा दिली ती हलकी होती. 'मोट पाडाची होती' या थोरल्याच्या शब्दांचा त्याने निकालात उल्लेख केला. धाकट्याला बाहेर नेताना तो भावाजवळ थांबला. मला वाटले थुंकेल. तो म्हणाला, "तुले भाऊ नको होता. देव पाह्यजे होता. भेटला?"

थोरला म्हणाला, "दोघं पाह्यजे होते."

पुढे शिक्षा संपेपर्यंत थोरला अकोल्याच्या तुरुंगात भेटीला जात राहिला. सुरुवातीला धाकटा भेटायलाच येत नसे; थोरला फाटकाशी बसून परत यायचा. तरी पुन्हा जायचा. मग एकदा धाकटा आला, असे ऐकले. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि पोलिसाने सगळेच माहीत करून घेऊ नये.

या प्रकरणाने मला शिकवले ते लिहून संपवतो. आम्ही ख्रिस्ती लोक मोठ्या आवाजात सांगतो की आमचे होय ते होय आणि नाही ते नाही. वेदीपुढे लग्नाची वचने देतो, बाळ हातात घेऊन करार करतो, आणि बाहेर आलो की वचनातल्या फटी शोधतो: तेव्हा मी लहान होतो, तेव्हा मला ठाऊक नव्हते, मला फसवले, तो देव निराळा होता, कागद कुठे आहे. हिंदू बांधवही यात मागे नाहीत. बेलभंडारा उचलणारे हात मी लाच घेतानाही पाहिले आहेत. जो देव खरा आहे असे आपण म्हणतो, तो आपले बोलणे कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही देवळात ऐकतो, आणि ज्याला शब्द दिला तो शेजारीही त्याचाच आहे. श्रद्धा बदलली म्हणजे शेजारी बदलत नाही. खरी श्रद्धा शब्दाला अधिक घट्ट करते. सैल करते ती सोय.

म्हणून एक मागणे आहे, आणि ते आजच करावे. तुमच्या घरात जो सर्वांत म्हातारा माणूस असेल त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा: आपल्या घराने कोणाला काय शब्द दिला होता? वाट दिली असेल, बांध दिला असेल, पाणी दिले असेल, कोणाच्या विधवेला आसरा देऊ म्हटले असेल. मग त्या माणसाच्या किंवा त्याच्या मुलांच्या दारात जा, आणि तो शब्द तुमच्या तोंडाने पुन्हा एकदा त्यांना द्या.